तोडलेले रान परत येते का?

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुळे कोकणात आहेत. दोन-तीन पिढ्या बडोद्यात गेल्या, मुलांची गुजराती मराठीइतकीच सफाईदार झाली, तरी गावच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असतेच आणि त्याखाली वारसांची लांबलचक रांग. त्या रांगेतल्या एखाद्याला एक दिवस गावाहून फोन येतो. डोंगराकडचे रान तोडीला घ्यायला ठेकेदार तयार आहे, रक्कम एकहाती देतो म्हणतो, सगळ्यांच्या संमतीच्या सह्या तेवढ्या हव्यात. आपण जरा घुटमळलो की पुढचे वाक्य ठरलेले असते : "अरे, दहा वर्षांत रान होतं तसं उभं राहतं. आबांच्या वेळीही तोडलं होतं की!"

आमच्या घरी हा फोन आला तेव्हा मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, पण इतक्या साध्या प्रश्नाचे नेमके उत्तर तोंडाशी नव्हते. तोडलेले रान परत येते का? येत असेल तर किती वर्षांनी, आणि परत येते ते तेच असते का? त्यानंतर दोनेक वर्षे जे वाचले आणि गावी जाऊन जे पाहिले, ते या लेखात आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे मान्य करू, की गावच्या भावाचे म्हणणे खोटे नाही. जुलै महिन्यात कोकण रेल्वेने गावी जाताना खिडकीतून पाहा. रोह्यापासून पुढे डोळ्यांना हिरव्याशिवाय काही दिसत नाही. दहा वर्षांपूर्वी उघडा पडलेला डोंगरही त्या हिरव्यात मिसळून गेलेला असतो. पण तोच प्रवास एप्रिलमध्ये करा. बहुतेक डोंगर तांबडे-करडे झालेले, काही ठिकाणी वणव्याने काळवंडलेले, आणि मध्येच कुठेतरी एका देवळाच्या मागे दाट काळसर हिरव्या झाडांचा एक पुंजका. तो पुंजका म्हणजे देवराई. जुलैत जी दोन राने सारखी दिसत होती, ती एप्रिलमध्ये वेगळी का दिसतात, हे कळले की आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

बडोद्याच्या आसपासची जंगले आपल्याला ओळखीची आहेत. जांबुघोडा, रतनमहाल, थोडे दक्षिणेला डांग. साग, मोह, टेंभुर्णी यांची ही पानझडी जंगले. उन्हाळ्यात पाणी पुरणार नाही हे जाणून झाड आधीच पाने टाकते आणि पावसाची वाट पाहते. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि घाटांच्या खोल घळींत मात्र वेगळ्या स्वभावाचे जंगल आहे. तिथली झाडे बारा महिने पाने धरून असतात. भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, चांदोली, राधानगरी, आंबोली या पट्ट्यात ते तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहे. यालाच आपण सदाहरित जंगल म्हणतो. केरळात आणि कर्नाटकाच्या दक्षिण भागात त्याचे भरदार रूप दिसते, ते वर्षावन. आपल्याकडचे जंगल त्याच कुळातले, पण उत्तरेच्या टोकाला येऊन पोचलेले.

या टोकाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे बडोद्याच्या पाच-सहापट. बेरीज पाहिली तर पाण्याला तोटा नाही. पण हा सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधील ज्याँ-पिएर पास्काल यांनी पश्चिम घाटातील सदाहरित जंगलांवरचा आपला मोठा ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी या जंगलांची वर्गवारी करताना पावसाच्या बेरजेइतकेच वजन कोरड्या महिन्यांच्या संख्येला दिले. घाटाच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-चारच असतात, आणि उत्तरेकडे यावे तसे ते वाढत जातात. त्याबरोबर झाडांच्या जाती गळत जातात. शेवटी आपल्या बाजूला जे उरते, त्याला जाणकार अंजनी-जांभूळ-पिसा या तीन झाडांच्या नावाने ओळखतात. इतका लांब उन्हाळा सोसून पाने हिरवी ठेवणारी ही मंडळी आहेत. मोठे झाड खोल मुळांच्या जोरावर ते निभावून नेते. प्रश्न असतो तो वीतभर रोपाचा.

त्या रोपाच्या बाजूने विचार करू. पावसाच्या तोंडाशी बी रुजले, चार महिन्यांत रोप हातभर झाले. आता ऑक्टोबर ते मे हा काळ त्याला काढायचा आहे. डोक्यावर जुन्या झाडांचे छत असेल तर ते निभते. जगभरातील ९८ ठिकाणच्या नोंदी एकत्र करून २०१९ साली केलेल्या एका अभ्यासात असे आढळले, की दिवसाच्या ऐन उन्हात जंगलातली हवा उघड्या जागेपेक्षा सरासरी ४ अंशांनी थंड असते. शिवाय पाचोळ्याच्या थरामुळे ओल टिकते. हे छत काढून घेतले की तेच रोप, त्याच मातीत, तेवढाच पाऊस होऊनही मार्चपर्यंत करपते. म्हणजे सदाहरित रान स्वतःच्याच सावलीत वाढते. ती सावली गेली, की वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस असूनही त्याचा उपयोग नाही.

दुसरी अडचण बियांची. आपल्या घरी फणस कापला की आठळ्या धुऊन वाळवून ठेवायची पद्धत आहे. त्या पुढे भाजीत घालायला उत्तम, पण पेराल तर एकही उगवणार नाही. जांभळाच्या बियांचेही तसेच. वाळवून त्याचे चूर्ण होते, झाड होत नाही. सदाहरित जंगलातल्या बऱ्याच मोठ्या झाडांच्या बिया अशाच असतात. ताज्या असताना रुजल्या तर रुजल्या, सुकल्या की मेल्या. सागाचे बी मात्र कठीण कवचात दडून योग्य वेळेची वाट पाहू शकते. त्यामुळे पानझडी जंगल तोडले तरी मातीत थोडेफार बी शिल्लक असते. सदाहरित जंगलाची अशी ठेव मातीत नसते. त्याचे बी दरवर्षी नव्याने जिवंत झाडावरून यावे लागते. झाडच नसेल, तर बी येणार कुठून?

आता तोडीनंतर काय घडते ते पाहू. झाडे गेली आणि ऊन जमिनीवर पडले, की पहिल्याच पावसात कारवी, रानमोडी, घाणेरी उसळून वर येतात. चांदाड्यासारखी घाईने वाढणारी, हलक्या लाकडाची झाडे डोके काढतात. ज्यांच्या बुंध्याला फुटवे फुटतात, ती ऐन-किंजळीसारखी झाडे पुन्हा उभी राहतात. तीन-चार वर्षांत डोंगर हिरवा. पण उन्हाळ्यात ही झुडपे वाळून इंधन होतात आणि कुठूनतरी ठिणगी पडते. वणव्यात फुटवे येणारी झाडे तगतात. सावलीत वाढणारी अंजनी-पिशाची रोपे पहिल्याच फटक्यात जातात. दहा-बारा वर्षांनी पुन्हा तोड झाली की हीच चाळणी पुन्हा लागते. अशा चार-पाच चाळण्यांतून जे उरते ते रान आजही आपण 'जंगल'च म्हणतो, पण त्याची जातकुळी बदललेली असते.

अशा चाळण्या आपल्या डोंगरांनी किती पाहिल्या असतील? डांगच्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी सागासाठी जंगलांचे पट्टे घेतले ते १८४२ च्या सुमारास. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागाची जहाजे बांधली जात. १८१७ साली मलबारी सागातून तिथे बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे. पुढे रेल्वेला स्लीपर लागले आणि मुंबईच्या चुलींना लाकूड व कोळसा. त्यासाठी उत्तर कोकणातल्या डोंगरांत कोळशाच्या भट्ट्या धुमसत राहिल्या. भाताच्या राबासाठी दरवर्षी फांद्या उतरत त्या वेगळ्याच. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात बरेचसे रान खासगी मालकीचे, म्हणजे आपल्यासारख्यांच्या सातबाऱ्यावरचे. ते राखायचे की तोडायचे, हे पुष्कळदा घरच्या बैठकीत ठरत आले.

उलट उदाहरणही आपल्या जवळच आहे. नवसारी जिल्ह्यातले वांसदा राष्ट्रीय उद्यान जेमतेम २४ चौरस किलोमीटरचे. पूर्वी ते वांसदा संस्थानच्या राजघराण्याचे खासगी जंगल होते. १९५२ पासून तिथे झाडतोड झालेली नाही, आणि १९७९ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. ते सदाहरित नाही, ओलसर पानझडी आहे. पण सात दशके कुऱ्हाड न लागलेले रान कसे दिसते हे पाहायचे असेल, तर बडोद्याहून एका दिवसात जाऊन येता येते. तिथल्या भर दुपारच्या अंधारात उभे राहिल्यावर छत म्हणजे काय ते कळते.

मग रान परत यायला नेमकी किती वर्षे लागतात? याचे आजवरचे सर्वांत मोठे उत्तर २०२१ साली आले. नेदरलँड्सचे वनशास्त्रज्ञ लॉरेन्स पूर्टर आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी अमेरिका खंड व पश्चिम आफ्रिकेतील ७७ ठिकाणच्या २,२७५ तुकड्यांचा हिशेब एकत्र मांडला. शेती किंवा कुरणे सोडून दिलेल्या जागी आपोआप वाढलेली ही राने होती. त्यांतून निघालेले वेळापत्रक थोडक्यात असे : मातीचा कस दहा वर्षांच्या आत भरून येतो. झाडांची कामाची पद्धत, म्हणजे पाने-लाकूड यांचे गुणधर्म, पंचविसेक वर्षांत. जंगलाची ठेवण, म्हणजे जाड झाडे आणि उंच-ठेंगण्यांची मिसळण, पंचवीस ते साठ वर्षांत. आणि लाकडाचा एकूण भार व मूळच्या जातींचा संच परत यायला एकशेवीस वर्षांहून अधिक.

हे वेळापत्रक वाचले तेव्हा मला गावच्या भावाचे वाक्य आठवले. दहा वर्षांत परत येते ती माती. हेही काही कमी नाही. वीस वर्षांत या रानांनी सगळ्या निकषांची सरासरी काढता जुन्या जंगलाच्या ७८ टक्क्यांपर्यंत मजल मारली होती. म्हणून तोडलेल्या रानाला 'मेलेले' समजून त्याची प्लॉटिंगसाठी मोजणी करणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. पण उरलेला हिस्सा भरायला पुढची शंभर वर्षे लागतात, आणि आपल्याकडे दर दहा-बारा वर्षांनी पाटी पुसली जाते. मुलाने दरवर्षी पहिलीची परीक्षा द्यावी आणि आपण म्हणावे की शाळेत नाव तर आहे, तसला हा प्रकार.

कार्बनच्या हिशेबातही अशीच फसगत होते. बोर्निओ बेटावर मलेशियाचा साबा प्रांत आहे. तिथे गेल्या शतकात प्रचंड लाकूडतोड झाली, त्यामुळे तोडीनंतरच्या जंगलांचा अभ्यास तिथे फार बारकाईने होतो. वाढत्या रानात झाडे झपाट्याने कार्बन शोषतात, म्हणून ते हवेला स्वच्छ करते असा समज होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उलटे दिसले. तोडीत मोडलेली खोडे, कुजणारी मुळे आणि उघडी पडलेली माती यांतून इतका कार्बन बाहेर पडत राहतो, की तोडीनंतर किमान दशकभर असे रान घेते त्यापेक्षा जास्त देते. वरून हिरवे, पण आतून अजून कर्जात.

त्याच साबामधून दुसरी, आशेची गोष्टही आली. तोडलेल्या जंगलाला माणसाने मदत केली तर काय होते? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसत्या राखलेल्या जंगलाने दर हेक्टरी दरवर्षी २.९ टन कार्बन साठवला, तर जिथे वेली छाटून मूळच्या जातींची रोपे लावली होती तिथे ४.४ टन. म्हणजे वेग दीडपट.

अशी मदत आपल्या देशात कुणी करते का? तमिळनाडूतील अनामलाईच्या डोंगरात वाल्पराईचे पठार आहे. चहा-कॉफीच्या मळ्यांनी वेढलेले, मध्ये मध्ये वर्षावनाचे उरलेले तुकडे. तिथे नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेचे दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन हे शास्त्रज्ञ सुमारे पाव शतक या तुकड्यांची डागडुजी करत आहेत. रस्त्याकडेला पडलेली बिया-फळे गोळा करायची, रोपवाटिकेत वाढवायची, घाणेरीसारखी झुडपे काढायची आणि मूळच्या कित्येक जातींची रोपे एकत्र लावायची. सात ते पंधरा वर्षांपूर्वी अशी लावणी झालेल्या जागांची तुलना आनंद ओसुरी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नुसत्या राखलेल्या जागांशी केली. लावणीच्या जागी छत जास्त दाट होते, जाती जास्त होत्या. पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते पुढचे. मोठ्या सलग जंगलापासून तुकडा जितका दूर, तितका लावणीचा फायदा अधिक दिसला. याचा अर्थ सरळ आहे. जुने जंगल शेजारी असेल तर बी आपसूक येते आणि माणसाने फक्त हात आवरला तरी पुष्कळ होते. जुने जंगल दूर गेले, की तेच काम माणसाला एकेक रोप वाहून करावे लागते.

शेजारच्या जंगलातून बी आणते कोण? वारा आणतो तो हलक्या, पंखवाल्या बियांना. सदाहरित जंगलातली बरीच फळे गरदार आणि बिया वजनदार. त्या नेणारी मंडळी म्हणजे वटवाघळे, उदमांजरे, हरियल, आणि सगळ्यांत मोठ्या फळांसाठी धनेश. धनेश पक्षी मोठी फळे आख्खी गिळतो आणि दूर जाऊन बी टाकतो. वीण चालू असताना मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फळे पुरवत राहतो. एवढी मोठी ढोली शंभर वर्षांच्या जुन्या झाडातच मिळते. कोकणात धनेशाची घरटी बऱ्याचदा बेहड्याच्या झाडात आढळतात. ठेकेदाराच्या दृष्टीने बेहडा म्हणजे स्वस्त लाकूड. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने यावर एक व्यवहारी तोड काढली. औषधासाठी बेहड्याच्या फळांना मागणी आहे. ती फळे नियमाने गोळा करून 'फेअरवाइल्ड' या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राखाली विकली, तर उभे झाड दरवर्षी पैसे देते. झाड राहिले, ढोली राहिली, धनेश राहिला, आणि धनेशाबरोबर शेजारच्या उजाड डोंगराला मिळणारे बी राहिले.

आपल्या शहराचे नाव वडावरून पडले असे मानतात. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक या घराण्याला रानात वेगळाच मान आहे. इतर झाडांवर फळ नसते त्या दिवसांतही यांच्यापैकी कुणी ना कुणी पिकलेले असते, म्हणून फळखाऊ पक्षी तिथे जमतात. येताना दुसऱ्या झाडांच्या बिया पोटात घेऊन येतात आणि तिथेच टाकतात. उघड्या डोंगरावर एकच जुना उंबर ठेवला, तरी काही वर्षांनी त्याच्या सावलीत निराळ्याच झाडांची रोपे दिसू लागतात.

हे शास्त्र आपल्या वाडवडिलांना शब्दांत ठाऊक नसेल, पण देवराई राखताना त्यांनी नेमके हेच राखले. १९७० च्या दशकात पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवराया पायी हिंडून नोंदल्या. त्या काळात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावच्या लोकांनी त्यांच्याकडे धाव घेतली होती. तिथली राई तोडीसाठी खुणावली गेली होती, आणि गावाचे म्हणणे एवढेच, की राई गेली तर तिच्यातून निघणारा ओढा आटेल. ती राई वाचली. देवाच्या भयाने म्हणा किंवा पाण्याच्या गरजेने म्हणा, कोकणात अशी शेकडो बीजकेंद्रे शिल्लक राहिली. आसपासचे सगळे तोडले तरी पुन्हा सुरुवात करायला बी होते. आज मात्र देवळाचा जीर्णोद्धार करताना सभामंडपासाठी राईच तोडल्याची उदाहरणे आपण ऐकतो.

आतापर्यंतचा सारा हिशेब जुन्या हवामानावर बेतलेला आहे. ते हवामान आता राहिलेले नाही. केंद्रीय पृथ्वी-विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ठळक घट झालेल्या भागांत पश्चिम घाटाचे नाव आहे. पाऊस कमी झाला, पण पडतो तेव्हा एकदम पडतो. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी चिपळूण बुडाले आणि महाडजवळचे तळीये दरडीखाली गेले. असा पाऊस उघड्या डोंगरावर पडला की दहा वर्षांत सावरलेली माती एका रात्रीत वाहून जाते. ३ जून २०२० चे 'निसर्ग' आणि मे २०२१ चे 'तौक्ते' ही वादळे तर आपण गुजरात-कोकण दोन्हीकडच्या नातलगांनी फोनवर एकमेकांना सांगितली.

उष्णतेचा प्रश्न याहून खोल आहे. २०२० साली जगातील ८१३ उष्णकटिबंधीय जंगलांच्या नोंदींवरून असे दिसले, की सर्वांत गरम महिन्यातील दिवसाचे कमाल तापमान सरासरी ३२.२ अंशांच्या वर गेले, की जंगलाची कार्बन साठवण्याची ताकद झपाट्याने घसरते. घाटाच्या पायथ्याशी, कोकणच्या आतल्या भागात एप्रिल-मेमध्ये पारा याच्या वर जाणे नवे नाही. म्हणजे आपले सदाहरित रान आधीच उंबरठ्यावर उभे आहे. कोरडे महिने आणखी तापले, तर छताखालचे ४ अंश म्हणजे रोपाच्या जगण्या-मरण्यातले अंतर ठरते. उभे जुने जंगल या बदलाला बराच काळ तोंड देईल, कारण मुळे खोल आहेत आणि सावली त्याची स्वतःची आहे. तोडलेल्या जंगलाला मात्र अ-आ-इ पासून सुरुवात नव्या, अधिक कडक उन्हात करावी लागेल. आबांच्या वेळी तोडलेले रान आबांच्या हवामानात परत आले. आज तोडलेले रान नातवांच्या हवामानात परत यायचे आहे.

कुणी म्हणेल, मग साग किंवा निलगिरी लावू, त्यांना ऊन चालते. पश्चिम घाटातच केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत याचे उत्तर आहे. अनेक जातींचे नैसर्गिक जंगल वर्षानुवर्षे स्थिर गतीने कार्बन घेत राहते. एक-दोन जातींच्या लागवडीचा वेग मात्र कोरड्या वर्षी डगमगतो. घरात सगळे एकाच धंद्यात असले की मंदीत सगळ्यांचीच चूल विझते, त्यातला हा भाग.

आता पुन्हा त्या फोनकडे वळतो. हे सगळे वाचून झाल्यावर मी गावी गेलो आणि भावाला वेळापत्रक समजावून सांगू लागलो. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "तू तिकडे बडोद्यात पेन्शन घेतोस. मला मुलीची फी भरायची आहे. तुझ्या एकशेवीस वर्षांचं व्याज मला कोण देणार?" या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. रान राखण्याचे पुण्य शहरातल्याने घ्यायचे आणि खर्च गावातल्याने सोसायचा, हा न्याय नव्हे. आमच्या घरातली बैठक त्या दिवशी बरीच लांबली.

शेवटी जे ठरले ते आदर्श नाही, पण सांगण्यासारखे आहे. पऱ्याच्या दोन्ही अंगांचे रान आणि देवराईला लागून असलेला तुकडा तोडीतून वगळला. उरलेल्या भागातही बेहडा, उंबर, नांद्रुक, आंबा आणि ढोली असलेले कुठलेही झाड राखायचे. तोड एकाच वेळी सगळीकडे करायची नाही, म्हणजे कुठल्याही वर्षी डोंगर पुरता उघडा पडणार नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा अशा झाडांना रीतसर परवानगी लागते, ती घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही. तोडीनंतर पाच वर्षे फेब्रुवारीत जाळरेषा काढायची, आणि तिची मजुरी बडोद्याच्या हिस्सेदारांनी द्यायची. आम्ही शहरातल्यांनी तोडीच्या रकमेतला आपला वाटा सोडला, म्हणून हे जमले. ठेकेदाराने भाव पाडला, हेही खरे.

गेल्या मे महिन्यात तिथे जाऊन आलो. तोडलेल्या भागात कमरेइतकी रानमोडी माजली होती आणि उन्हात उभे राहवत नव्हते. पऱ्याच्या काठी राखलेल्या पट्ट्यात गेलो. पाचोळ्यात पाय बुडत होता. एका जुन्या अंजनीच्या बुडाशी बोटभर उंचीची पाच-सहा रोपे होती, पाने ताजी. ती जगतील का, हे पुढच्या पाच-सहा उन्हाळ्यांवर अवलंबून आहे. पट्टा राखला नसता तर ती उगवलीच नसती, एवढे मात्र निश्चित.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी असा फोन येईल तेव्हा "रान परत येतं" हे वाक्य खोडून काढू नका. ते खरे आहे. फक्त एक प्रश्न जोडा : परत येण्यासाठी आपण मागे काय ठेवणार आहोत? आणि सही करण्यापूर्वी, शक्य असेल तर एकदा एप्रिल महिन्यात ते रान पाहून या. जुलैत पाहाल तर फसाल.